जुनी चेनसॉ: मुंबईत राहून शोधायची कशी आणि पुन्हा चालू करायची कशी

जुनी चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची साखळीची करवत, बघायला निघाल तेव्हा खिशात तीन वस्तू ठेवा: प्लगचा पाना, चपटा स्क्रू-ड्रायव्हर आणि छोटी बॅटरी. विकणारा अर्धा तास बोलून जे सांगणार नाही, ते या तीन वस्तू पाच मिनिटांत सांगतात.

मी भांडुपला दोन खोल्यांच्या घरात राहतो आणि हे सगळं काम गॅलरीत करतो. आजवर अकरा मशीनं हाताखालून गेली. त्यातली सात व्यवस्थित चालतात, दोन सुट्या भागांसाठी ठेवली आहेत, दोन अजून टेबलावर आहेत. या शहरात हा छंद जमेल का, असं बरेच जण विचारतात. जमतो, आणि इतर अनेक ठिकाणांपेक्षा बरा जमतो. कारण टू-स्ट्रोक स्कूटरवर (चेनसॉचं इंजिनही तसंच असतं) आयुष्य काढलेले मेकॅनिक इथे अजून आहेत, एक नग करून देणारे लेथवाले आहेत आणि मापावर ऑइल सील देणारी नागदेवी स्ट्रीट आहे. जंगल नसलं तरी चालतं, ही माणसं मात्र लागतात.

घेताना काय बघायचं

आधी दोरी. एक हात मशीनखाली ठेवून स्टार्टरच्या दोरीने मशीन हळूच उचला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चांगला असेल तर मशीन दोरीला लटकून राहतं आणि टप्प्याटप्प्याने खाली उतरतं. सुर्रकन खाली आलं तर पिस्टनची रिंग गेली आहे किंवा हवा कुठून तरी निसटते आहे. दोरी हललीच नाही तर मशीन जाम आहे. जाम मशीन पाहून लगेच पाठ फिरवू नका. मुंबईच्या दमट हवेत नुसत्या गंजाने अडकलेला पिस्टन मी दोनदा डिझेल घालून चार दिवसांत सोडवला आहे.

मग सायलेन्सर. बहुतेक मशीनांना तो दोन-तीन बोल्टवर असतो. तो काढला की धूर बाहेर पडायचं भोक दिसतं आणि त्यातून थेट पिस्टन दिसतो. बॅटरी मारा आणि दोरीने पिस्टन वर-खाली करा. पिस्टनवर बारीक आडव्या रेषा दिसल्या तर त्या कारखान्यातल्या मूळ रेषा आहेत, आनंदाची गोष्ट. उभे ओरखडे दिसले तर ते मशीन कधीतरी ऑइल न घालता किंवा हवा ओढत चाललेलं आहे. असं मशीनही घेता येतं, फक्त भाव त्या हिशोबाने करा. प्लगच्या भोकातून डोकावून हे कळत नाही, त्यामुळे सायलेन्सर उघडू न देणाऱ्याकडून मी मशीन घेत नाही.

त्यानंतर दोरीच्या बाजूचं कव्हर काढून मॅग्नेट, म्हणजे फ्लायव्हील, हाताने वर-खाली हलवून बघा. खटखट लागली तर क्रँकचे, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग गेले.

शेवटची तपासणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि नवखे तीच विसरतात: मशीन पूर्ण आहे का? हँडल, एअर फिल्टरचं झाकण, चेनच्या बाजूचं कव्हर, पेट्रोल आणि ऑइलच्या टाकीची झाकणं, चोकची मूठ, बारचे (चेन ज्या पट्टीवर फिरते तिचे) नट, सगळं मोजा. चालू पण अर्धवट मशीनपेक्षा बंद पण पूर्ण मशीन घ्या. सील, रिंग, डायफ्राम, पॉइंट, प्लग हे सगळं पैसे देऊन मिळतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या मशीनचं फिल्टरचं झाकण मात्र पैसे घेऊन फिरलात तरी मिळेल याची खात्री नसते. माझं एक मशीन केवळ एका टाकीच्या झाकणासाठी दोन वर्षं पडून होतं. शेवटी लेथवर पितळेचं करून घेतलं, आणि ते मशीनच्या किमतीच्या निम्म्यात पडलं.

कुठे शोधायचं

पहिलं नाव सगळ्यांच्या तोंडी चोर बाजाराचं. मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार मांडला जातो. उजाडायच्या आत पोचा, सात वाजेपर्यंत चांगलं ते गेलेलं असतं. चेनसॉ तिथे क्वचित येते. हत्यारं, प्लग पुलर, जुन्या कानशी, फीलर गेज (फट मोजायची पाती) मात्र भरपूर मिळतात, आणि त्या लागणारच आहेत. कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडवर गाड्यांच्या जुन्या भागांचा बाजार आहे. मेकॅनिक आणि ऑटोच्या किरकोळ वस्तूंसाठी तो बरा. रे रोड आणि दारूखान्याकडे लाकडाच्या वखारी आणि जहाजांचं भंगार यांचा जुना धंदा आहे. वखारीत चहाच्या वेळी जा आणि जुन्या मुकादमाला विचारा, "मामा, जुनं झाड कापायचं मशीन पडलंय का कुठे माळ्यावर?" चेनसॉ म्हणालात तर कदाचित मान हलणार नाही. "कटर" म्हणा, लगेच कळतं.

पण खरी खाण कोकणात आहे. लाकडाचे ठेकेदार, सॉ मिल, आंबा-काजूच्या बागा, सगळीकडे एखादं बंद पडलेलं मशीन गोठ्यात नाहीतर पडवीत टांगलेलं असतं. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या पट्ट्यात इतकी झाडं पाडली की लोकांनी घाईघाईने नवी मशीनं घेतली आणि जुनी कोपऱ्यात गेली. गावी कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्या कानावर घालून ठेवा. माझं सगळ्यांत लाडकं मशीन गुहागरकडच्या एका वाडीतून आलं. ते देताना काका म्हणाले, "घेऊन जा रे, पण चालू झालं तर एकदा आवाज ऐकवायला आण." पैसे घेतले नाहीत, एवढीच अट घातली.

आणताना एक पथ्य पाळा. टाकी पूर्ण रिकामी करा, झाकणं उघडी ठेवून दोन तास वाळू द्या. ज्वलनशील माल गाडीतून नेणं रेल्वेच्या कायद्यात गुन्हा आहे आणि कोकण रेल्वे काय, लोकल काय, गर्दीत पेट्रोल सांडणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

कोणतं मशीन आधी घ्यावं

थोडा इतिहास माहीत असला तर समोर पडलेल्या लोखंडाकडे बघायची नजर येते. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी साखळी करवत आणली. डोलमार या दुसऱ्या जर्मन कंपनीचं नाव थुरिंगियातल्या ज्या डोंगरावर १९२७ साली पहिल्या मशीनची चाचणी झाली त्या डोंगरावरून आलं. त्या काळातली मशीनं दोन माणसांनी धरायची असायची. एका माणसाला पेलेल असं हलकं मशीन म्हणून अमेरिकेतल्या मॅककुलॉकचं १९४९ सालचं ३-२५ गाजलं. त्याचं वजन सुमारे २५ पौंड होतं. स्वीडनमध्ये योन्सेरेडची राकेट १९५४ साली आणि हुस्कवर्नाची पहिली चेनसॉ १९५९ साली आली. त्याच वर्षी श्टीलची कॉन्ट्रा आली. तिच्यात मधला गिअरबॉक्स काढून क्रँकवरून थेट चेन फिरवली होती, आणि त्यामुळे मशीनचा वेग आणि वजन दोन्हींचं गणित बदललं.

आपल्याकडे जुन्यात सर्वांत जास्त भेटतं ते श्टीलचं ०७०. इंजिन १०६ सीसी, म्हणजे एका मोटरसायकलएवढं. वजन बार-चेनशिवाय दहा किलोच्या आसपास. इंजिन साधं, दणकट, उघडायला सोपं आणि भाग अजून मिळतात, म्हणून पहिलं मशीन म्हणून मी हेच सुचवतो. पण सावध राहा. ०७० च्या चिनी नकला जगभर पसरल्या आहेत. खऱ्या मशीनचं ओतकाम नितळ असतं, अक्षरं उठावदार आणि कडा स्वच्छ असतात. नकलेत कडा खडबडीत राहिलेल्या असतात, अक्षरांची धार बोथट असते आणि बोल्टची डोकी वेगवेगळ्या जातीची निघतात. नकली भाग दुरुस्तीला वापरायला माझी हरकत नाही, पण अख्खं नकली मशीन जुनं म्हणून घेऊ नका.

मॅककुलॉक, होमलाइट, पायोनिअर भेटलं तर ते दुसरं-तिसरं मशीन म्हणून घ्या. त्यांचे भाग परदेशातून मागवावे लागतात आणि टपालखर्च व सीमाशुल्क धरून एका गास्केटची किंमत कुठल्या कुठे जाते.

घरी आणल्यावर

उघडायच्या आधी फोटो काढा. चारही बाजूंनी, आणि प्रत्येक कव्हर काढल्यावर पुन्हा. स्क्रू एकत्र टाकू नका. मी मुखवासाचे रिकामे डबे वापरतो, प्रत्येक डब्यावर चिकटपट्टीवर लिहून: स्टार्टर, क्लच, कार्ब्युरेटर. दिसायला सारखे असले तरी स्क्रूंच्या लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी घातला तर तो आतल्या भिंतीला भोक पाडतो.

धुवायला डिझेल आणि दात घासायचा जुना ब्रश. रंग काढण्याची, चमकवण्याची घाई नको, आणि कुठलंही आम्ल तर अजिबात नको. कारण या मशीनांची कवचं बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात. हा धातू ॲल्युमिनियमपेक्षा हलका असतो आणि आम्लात भराभर विरघळतो. शंका असेल तर आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, व्हिनेगरचा एक थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर मॅग्नेशियम, शांत राहिलं तर ॲल्युमिनियम. थेंब लगेच पुसा आणि पाण्याने धुऊन कोरडं करा. हे मी नुकसान सोसून शिकलो. माझ्या तिसऱ्या मशीनचं क्लच कव्हर पावडर कोटिंगला दिलं आणि ते मॅग्नेशियमचं आहे हे सांगितलं नाही. रंगाआधी त्यांनी नेहमीप्रमाणे आम्लाच्या टाकीत बुडवलं. परत आलं ते देवीचे व्रण असावेत तसं खड्ड्याखड्ड्यांचं. कोटिंगवाल्याचा काही दोष नव्हता, सांगायला मीच हवं होतं.

याच धातूचा दुसरा धोका आगीचा. ग्राइंडरने मॅग्नेशियम घासू नका. त्याचा बारीक कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी मारलं तर आग भडकते. लेथवाल्याला भाग देतानाही आधी धातू सांगा. गॅलरीत एक बादली कोरडी वाळू ठेवा. जुनी राखाडी गास्केटंही कोरडी खरवडू नका, काहींमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ऑइलने ओली करून पात्याने उचला आणि पिशवीत बांधून टाका.

क्लच काढताना नवखे हमखास अडतात. बहुतेक चेनसॉच्या क्लचचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतो. जोर लावताना पिस्टन फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून हातभर सुती दोरी आत सारा आणि टोक बाहेर ठेवा. पिस्टन मऊ दोरीवर येऊन थांबतो आणि कुठेही खरचटत नाही. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पिस्टन अडवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यानंतर पिस्टनच्या डोक्याला पडलेलं भोकही पाहिलं आहे.

करंट

साठ-सत्तरच्या दशकातल्या मशीनांत मॅग्नेटच्या खाली सीबी पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी दोन छोटी तोंडं) आणि कंडेन्सर असतो, अगदी जुन्या स्कूटरसारखा. नंतर हळूहळू इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. पॉइंटवालं मशीन मला जास्त आवडतं, कारण त्यातला दोष डोळ्यांनी दिसतो आणि हाताने काढता येतो.

माझ्या पहिल्या मशीनला करंट येत नव्हता. मी कॉइल गेली असं ठरवून ते परळच्या एका स्कूटर मेकॅनिककडे घेऊन गेलो. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याला दोरी.

"काका, कॉइल गेलीये. कुठे मिळेल?"

"कॉइल गेली हे तुला कोणी सांगितलं?"

"प्लगला ठिणगीच नाही."

"पॉइंट साफ केलेस का?"

मी गप्प. त्यांनी खिशातून शंभराची नोट काढली, नवी कोरी. पॉइंटच्या दोन तोंडांमध्ये घातली, दाबून सरकवली, तीनदा. नोटेवर काळी रेघ उमटली. मग फीलर गेजचं पातं घालून अंतर बघितलं, पॉइंटचा स्क्रू थोडा ढिला करून सरकवला, पुन्हा आवळला. प्लगचं अंग सिलिंडरच्या धातूला टेकवून दोरी ओढली. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात निळी ठिणगी टचकन उडाली. "वर्षानुवर्षं पडून राहिलं की पॉइंटवर पापुद्रा धरतो. आधी तो काढ. कॉइल सगळ्यात शेवटी." पैसे विचारले तर म्हणाले, "चहा सांग."

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. पॉइंट साफ करायचे. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यातलं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायचं. प्लगचं अंतर ०.५ मिलिमीटर. मॅग्नेट आणि कॉइल यांच्यामध्ये एक व्हिजिटिंग कार्ड मावेल इतकी फट. तरीही ठिणगी पिवळी, अशक्त असेल तर कंडेन्सर बदलायचा. पॉइंटवर सारख्या ठिणग्या उडून ते जळत असतील तरीही कंडेन्सरच. मॅग्नेटला क्रँकवर जागच्या जागी अडवणारी बारीक चावी तुटलेली नाही ना हेही बघा. चावी तुटली की ठिणगी येते, पण चुकीच्या क्षणी येते, आणि मशीन दोरीसकट बोटं मागे खेचतं.

स्कूटरचा प्लग चालतो का? आटे १४ मिलिमीटरचे असले म्हणून लगेच लावू नका. आट्यांची लांबीही जुळायला हवी. लांब प्लग पिस्टनवर आपटतो.

कार्ब्युरेटर

मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट असतो, म्हणून तो उभाच चालतो. चेनसॉ आडवी, उलटी, कशीही धरावी लागते, त्यामुळे तिच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटच्या जागी डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, असतो. टिलट्सन किंवा वॉलब्रो हे नाव त्याच्या अंगावर कोरलेलं सापडेल. सोबतचा आकडाही लिहून घ्या, दुरुस्तीचा किट त्या आकड्यावर मिळतो.

गुहागरच्या मशीनचा कार्ब्युरेटर मी एका रविवारी सकाळी गॅलरीत जुन्या वर्तमानपत्रावर उघडला. चार स्क्रू, खाली पत्र्याचं झाकण. झाकण निघालं आणि आतून शिळ्या पेट्रोलचा तो आंबट, वार्निशसारखा वास आला. डायफ्राम दुधावरच्या साईसारखा मऊ असायला हवा, फुंकर मारली तर हलायला हवा. हा चिमटीत धरला तर पापडासारखा ताठ. वाकवला तर कडेला बारीक चीर गेली. त्याच्याखाली लिव्हर, लिव्हरखाली केसाएवढी स्प्रिंग, आणि लिव्हरच्या टोकाला सुई. स्प्रिंग उडून गॅलरीच्या जाळीबाहेर जाते, म्हणून मी हे काम मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करतो. सुईचं टोक भिंगातून बघितलं तर त्यावर गोल खाच पडलेली होती. म्हणजे पेट्रोल कधीच पूर्ण बंद होत नव्हतं.

किटमधला डायफ्राम, गास्केट आणि सुई बदला. भोकांत तार घालू नका, तारेने भोक मोठं होतं आणि मग पेट्रोल-हवेचं मिश्रण कधीच जुळत नाही. कार्ब क्लीनरचा फवारा आणि हवा एवढंच वापरा. टिलट्सनच्या या प्रकारात लिव्हरचं टोक आतल्या तळाच्या पातळीत यायला हवं. वर राहिलं तर मशीन पेट्रोलने भरून जातं, खाली राहिलं तर उपाशी राहतं. बसवताना या बाजूला आधी गास्केट, मग डायफ्राम, मग झाकण. पलीकडच्या पंपाच्या बाजूचा क्रम वेगळा असतो, तिथे तुमचा फोटो बघा. पेट्रोलची नळी आणि टाकीतलं फिल्टरही याच वेळी नवं घाला.

बाहेरून दोन स्क्रू असतात, कमी वेगाचा आणि जास्त वेगाचा. दोन्ही अलगद बंद करा, आवळू नका, आणि एक-एक फेरा उघडा. सुरुवात तिथून.

हवा कुठून शिरते

करंट आहे, कार्ब्युरेटर नवा केला, तरी मशीन दोन मिनिटांत वेडंवाकडं पळतं आणि बंद पडतं. याचं कारण बहुधा क्रँकचे सील, म्हणजे दांड्याभोवतीच्या रबरी कड्या. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची जागाही बंद असावी लागते. सील कडक झाले की तिथून हवा शिरते, मिश्रण कोरडं होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन चिकटतो. ज्या पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात त्यातल्या कितीतरींचं मूळ इथेच असतं.

तपासायला महाग यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि तबकडी पुरे. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून भोकं बंद करा, प्लगच्या भोकात नळी घट्ट बसेल असा एक जुना पोकळ केलेला प्लग लावा, पिस्टन खाली घ्या आणि तबकडीचा काटा २५० वर येईपर्यंत हवा भरा. काटा मिनिटभर जागेवर राहिला तर उत्तम. घसरला तर साबणाचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडे येतील तिथे गळती.

जुना सील काढला की त्यावर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तो सील घेऊन मशीद बंदरला उतरा आणि नागदेवी स्ट्रीटवर जा. बेअरिंग आणि सीलच्या दुकानात आकडे सांगितले की समोर डबा येतो. पेट्रोलला टिकणारा हवा, हे आवर्जून सांगा, कारण साधं रबर फुगतं.

सिलिंडरबद्दल थोडक्यात. पुष्कळ जुन्या मशीनांच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो. त्याला बोअर मारू नका (आतून मोठं करू नका) आणि होनही करू नका (आतून घासू नका), मुलामा गेला की सिलिंडर गेलं. पिस्टनचं हलकं खरचटणं बारीक पॉलिश पेपरने ऑइल लावून काढा आणि रिंग नवी घाला. नखाला लागेल इतका खोल ओरखडा असेल तर पिस्टन बदला.

पेट्रोल, ऑइल, चेन

पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मुंबईच्या जुलैमध्ये हवेत पाण्याशिवाय दुसरं काय असतं? जुनं रबर त्याने फुगतं, नळ्या चिकट होतात. म्हणून लागेल तेवढंच पेट्रोल आणा, त्याच दिवशी मिसळा आणि काम झाल्यावर टाकी रिकामी करून मशीन कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवा. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं कोरडं पडतं, तेव्हा जास्त वेगाचा स्क्रू किंचित उघडा ठेवा. घरात पेट्रोलचा साठा करू नका.

ऑइलचं प्रमाण जुन्या मशीनला मी १ ला २५ ठेवतो, म्हणजे एक लिटरला ४० मिलिलिटर चांगलं टू-टी ऑइल. आधी ऑइल घालून मग पेट्रोल ओता, आणि डबा हलवा. चेनचं ऑइल वेगळं असतं, वेगळ्या टाकीत. ३० ग्रेडचं इंजिन ऑइल चालतं. जळकं ऑइल वापरायची पद्धत आहे, पण त्यातला धातूचा चुरा पंप आणि बार दोन्ही खातो.

चेन घेताना तीन गोष्टी जुळवा: पिच (कड्यांमधलं अंतर, इंचात), ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांची, जाडी (गेज) आणि त्यांची संख्या. ०७० ला बहुतेक .४०४ पिचची चेन असते, तिला साडेपाच मिलिमीटरची गोल कानस लागते. ३/८ पिचला ५.२ मिलिमीटरची. दात एक डावा, एक उजवा असे येतात. १९४६ च्या सुमारास ओरेगनमधल्या जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे पाहिले. ती अळी लाकूड डावीकडून-उजवीकडून कापत आडव्या-उभ्या रेषांची पर्वा न करता पुढे जात होती. त्यावरून त्यांनी या आकाराचा दात केला, आजही चेन तशीच आहे. कानस ३० अंशात, आतून बाहेर, नेहमी पुढेच ढकलायची. मागे आणताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच फटके द्या. एका बाजूचे दात लांब राहिले तर कापताना बार बाजूला पळतो.

रंग आणि पावसाळा

नवा रंग देऊ का, असं सगळे विचारतात. मी देत नाही. जुन्या रंगावरची घासलेली जागा, हँडलवर हात धरून धरून आलेली झिलई, ठेकेदाराने कोरलेली आद्याक्षरं, ही त्या मशीनची ओळख आहे आणि ती पुन्हा आणता येत नाही. जिथे धातू उघडा पडला आहे तिथे स्वच्छ करून पातळ ऑइलचा हात फिरवा. समुद्राची हवा भांडुपपर्यंत पोचते, मॅग्नेशियमवर पांढरी भुकटी धरते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत मशीन बांधून ठेवू नका, आत घाम धरतो. सुती कापडात गुंडाळा, जवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्यातून एकदा प्लग काढून चार थेंब ऑइल घाला आणि दोरी दोनदा ओढा.

पहिल्यांदा सुरू करताना

गॅलरीत नाही, जिन्यात नाही, बंद गाळ्यात तर मुळीच नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस आडवा करतो, आणि आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. मी गावी जातो, किंवा ओळखीच्या वखारीत मालकाला विचारून. कानाला मफ, डोळ्यांना चष्मा, जाड बूट, अंगाला घट्ट कपडे.

जुन्या मशीनांना बहुधा चेन ब्रेक नसतो. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उलटा झटका देऊन थेट चेहऱ्याकडे येतं आणि थांबवणारं काही नसतं. हादरे झेलणारं रबरही नसतं, अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. म्हणून मी या मशीनांनी जमिनीवर पडलेला, घट्ट अडवलेला ओंडका कापतो, तोही दोन-चार काप. उभ्या झाडाला त्यांनी हात लावत नाही. शहरात झाड तोडायला किंवा फांदी छाटायलाही १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्याखाली पालिकेची परवानगी लागते, मशीन तुमचं असलं तरी.

मशीन जमिनीवर ठेवा, मागच्या हँडलमध्ये बुटाचं टोक घाला, डाव्या हाताने पुढचं हँडल दाबा. चोक ओढून दोरी, एकदा फुटकन आवाज आला की चोक आत आणि पुन्हा दोरी. दोन मिनिटं हळू चालू द्या. मग पूर्ण वेग देऊन जास्त वेगाचा स्क्रू जुळवा: मोकळ्या मशीनचा आवाज किंचित भरलेला, अडखळता हवा, आणि लाकडात घातल्यावर तो साफ व्हायला हवा. मोकळं असतानाच आवाज तीक्ष्ण, किंचाळणारा आला तर लगेच स्क्रू उघडा, नाहीतर पिस्टन जाईल.

गुहागरचं मशीन मी त्या काकांच्या अंगणात सुरू केलं, सातव्या दोरीला. निसर्गमध्ये पडलेल्या फणसाचा एक ओंडका अजून गोठ्यामागे होता. काका पायरीवर बसून ऐकत होते. दोन काप झाल्यावर हाताने खूण करून म्हणाले, "थांबव आता, तापेल." मी बंद केलं, प्लग काढून बघितला. चॉकलेटी रंगाचा होता, म्हणजे मिश्रण बरोबर. काळा, ओला असता तर पेट्रोल जास्त, पांढरा असता तर कमी.

परत आणल्यावर टाक्या रिकाम्या केल्या, एअर फिल्टर धुतला, वहीत तारीख, दोन्ही स्क्रूंचे फेरे आणि प्लगचा रंग लिहिला. जुन्या मशीनचं चेनचं ऑइल रात्रभर ठिबकत राहतं, त्यामुळे ते परातीत, खाली वर्तमानपत्र घालून ठेवा.